एकवीस नंबरचा अडॅप्टर

आमच्या डेअरीत त्यांना सगळे 'दोनदा' म्हणत. स्क्रू आवळला की ते एकदा ओढून बघत, मग हात धुऊन येत, आणि परत एकदा ओढून बघत. मग म्हणत, "झालं. दोनदा बघितलं." त्यानंतर त्या कामाकडे ते ढुंकूनही पाहत नसत. तिसऱ्यांदा बघायला कुणी सांगितलं तर त्यांच्या कपाळाला आठी पडायची. "दोनदा बघून ज्याची खात्री होत नाही त्यानं पॅनलला हात लावू नये. त्यानं कविता कराव्यात. तिथं चुकलं तर दूध नासत नाही."

मी तिथं लागलो तेव्हा ते बावीस वर्षं इलेक्ट्रिशियन होते आणि मी पंचवीस वर्षांचा होतो. हातात पदवी, डोक्यात हवा. पहिल्याच दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "या इंजिनियर, बसा. ते स्टूल नको, त्याचा पाय हलतो. तेवढं सोडून सगळं तुमचंच." चारचौघांत ते मला साहेब म्हणत, वर्कशॉपमध्ये इंजिनियर आणि अरेतुरे. मी त्यांना काका म्हणायचो. वर्कशॉप म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला शेगडी आणि किटली, दुसऱ्या टोकाला खिडकी, खिडकीबाहेर दुधाच्या टाक्या. सगळीकडे सोड्याचा आणि कोमट दुधाचा वास. तो वास शर्टातून जायचा नाही. माझी मोठी बहीण म्हणायची, तू घरात आलास की मांजरं मागे लागतील.

तेव्हा प्रत्येक टाकीपासून कंट्रोल रूमपर्यंत वेगवेगळ्या वायर जायच्या. तापमान सांगणारी वेगळी, झडप उघडणारी वेगळी, पंप चालवणारी वेगळी. मांडीएवढा जाड जुडगा होता तो, आणि काकांना त्यातली एकेक वायर रंगानं, वाकण्यानं, चिकटवलेल्या कागदानं ओळखू यायची. मग वरून हुकूम आला की हे सगळं जुनं झालं. आता टाकीशेजारच्या पॅनलमध्ये छोटे छोटे मॉड्यूल बसवायचे, आणि त्यांच्या रांगेच्या सुरुवातीला एक अडॅप्टर. तिथून कंट्रोल रूमला एकच केबल.

अडॅप्टर म्हणजे काय हे मी त्यांना फार ऐटीत समजावलं. फळ्यावर चौकोन काढले, बाण काढले. एक मॉड्यूल तापमान वाचतं, दुसरं झडप उघडतं, पण त्यांना कंट्रोल रूमशी थेट बोलता येत नाही, त्यांच्या वतीनं बोलतो तो अडॅप्टर, वगैरे. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे वर्गाचा मॉनिटर. पोरांचं ऐकायचं, बाईंना सांगायचं. आणि बाईंनी सांगितलेलं पोरांच्या डोक्यात घालायचं." माझे अर्धा तास काढलेले चौकोन त्यांनी एका वाक्यात पुसून टाकले.

अडॅप्टरबरोबर एक पुस्तिका आली होती. मी ती चाळली. काकांनी ती वाचली. शब्दकोश उघडून, तीन रविवार, पेन्सिलनं खुणा करत. चौथ्या सोमवारी ते माझ्यासमोर पुस्तिका घेऊन आले आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे वाचलंस का?"

"हो, माहीत आहे मला," मी म्हणालो. मला काही माहीत नव्हतं.

त्यांना ते कळलं असणार. पण पाणउतारा न करता शिकवायची त्यांची एक पद्धत होती. जणू स्वतःशीच उजळणी करतोय असं दाखवत ते बोलत. अडॅप्टरच्या तोंडावर बटणाएवढ्या दोन चकत्या असतात. एक दहाच्या घराची, एक एककाची. बारीक पेचकसानं फिरवून त्यावर नंबर लावायचा. त्या नंबरावरून कंट्रोल रूम त्याला ओळखते. "पण गंमत अशी," काका म्हणाले, "हा डबा वीज आल्याबरोबर एकदाच स्वतःच्या चकत्या वाचतो. त्यानंतर तू त्या कशाही फिरव, त्याला पत्ता नाही. तो आपला जुन्याच नावानं काम करत राहणार. वीज घालवून परत दिली की मग नवीन नाव. म्हणजे माणसासारखाच आहे. जन्मताना काय नाव ठेवलं तेवढंच ऐकतो."

बसवायच्या दिवशी त्यांनी मला हात लावू दिला नाही. आधी वीज बंद. ती खरंच बंद आहे का, ते टेस्टरनं बघणं. दोनदा. मग पॅनलमधल्या पट्टीवर डब्याची वरची खाच अडकवली आणि खालून दाबला, टक असा आवाज येईपर्यंत. "हा आवाज ऐकल्याशिवाय पुढं जायचं नाही," ते म्हणाले. आधी अर्थिंगची वायर, मग बाकीच्या. एकेक मॉड्यूल शेजारच्याला बिलगवून सरकवलं, प्रत्येकाची कडी लागली की नाही ते अंगठ्यानं चाचपलं. केबलच्या शेवटच्या टोकाला तो छोटा रेझिस्टर लावला. तो नसला तर निरोप भिंतीवर आपटल्यासारखा परत येतो आणि सगळा गोंधळ होतो. मग चकत्या. दहाची दोनवर, एककाची एकवर. वर प्लास्टिकचं झाकण. झाकणाखाली पांढऱ्या टेपवर त्यांच्या गोल अक्षरात लिहिलं: थंड टाकी – २१.

वीज दिली. दिवा लाल लुकलुकला. एक, दोन, तीन, आणि मग हिरवा झाला आणि तसाच राहिला. काका बराच वेळ त्या दिव्याकडे बघत होते. मग हात धुऊन आले आणि परत बघितलं.

त्यांची एकच मागणी होती. जुने हातानं चालवायचे स्विच राहू द्यावेत. नेटवर्क कधी बंद पडलंच तर झडप हातानं उघडता आली पाहिजे. मोठे साहेब म्हणाले, नवीन यंत्रणेला जुनी ठिगळं नकोत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी मान डोलावली. इंजिनियरनंच मान डोलावल्यावर इलेक्ट्रिशियनला कोण विचारतो! स्विच निघाले.

पुढचं दीड वर्ष त्या डब्यानं कधी तक्रार केली नाही. काका येता-जाता पॅनलचं दार किलकिलं करून हिरवा दिवा बघायचे आणि म्हणायचे, "मॉनिटर हजर आहे."

आता माझा पराक्रम सांगतो.

थंड टाकीच्या पॅनलला लागूनच बाटल्या धुण्याच्या यंत्राचं पॅनल होतं. दोन्हींची दारं राखाडी, कड्या सारख्या, उंचीही तीच. धुण्याच्या पॅनलमध्ये काकांनी आदल्या आठवड्यात नवा अडॅप्टर बसवून ठेवला होता, फक्त नंबर लावायचा राहिला होता. तो मी लावतो, असं मीच म्हणालो होतो. पंचवीस नंबर. मी दुपारी गेलो, कानाला फोन होता. बहिणीचं नवीन घर चाललं होतं आणि बैठकीच्या खोलीला कुठला रंग द्यावा यावर ती माझं डोकं खात होती. फोन खांद्यात दाबून मी दार उघडलं, झाकण वर केलं. दहाची चकती आधीच दोनवर होती. नवा डबा शून्यावर येतो, हे मला ठाऊक होतं. त्याचं जरा नवल वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं की एक काम वाचलं. एककाची चकती मी एकवरून पाचवर नेली. आणि मग ती टेप दिसली. थंड टाकी – २१.

मी दिव्याकडे बघितलं. हिरवा. अर्थातच हिरवा. काकांनी शिकवलेला नियम मला आठवला आणि माझा जीव भांड्यात पडला. वीज जात नाही तोवर डब्याला काही कळणार नव्हतं. चकती परत फिरवली की झालं. बहीण तिकडून विचारत होती, "फिकट पिवळा कसा वाटेल?" मी म्हणालो, "बरा वाटेल," आणि चकती उलट फिरवली. पाच, चार, तीन, आणि पुढं एक. म्हणजे मला वाटलं एक. मी बघितलं नाही. दोनदा सोडा, एकदाही नाही. झाकण लावलं, दार लावलं, शेजारचं दार उघडलं.

काका तिथून दहा पावलांवर वर्कशॉपमध्ये चहा पीत होते. एक हाक मारली असती तर ते आले असते, खदाखदा हसले असते, आणि पुढचा आठवडाभर डेअरीभर सांगत सुटले असते की इंजिनियर दार चुकला. तेवढंच झालं असतं. मला तेवढंही नको होतं. माझं शिक्षण त्या हसण्याच्या आड आलं.

आणि मी ते विसरून गेलो. हे मी स्वतःची बाजू मांडायला सांगत नाही. विसरलो हे खरं आहे एवढंच.

सात महिन्यांनी वार्षिक दुरुस्तीचा दिवस आला. एरवी बाहेरची वीज गेली तरी पॅनलं इन्व्हर्टरवर चालू राहायची, त्या दिवशी मात्र सकाळपासून इन्व्हर्टरसकट सगळ्या डेअरीची वीज बंद. काकांनी थंड टाकीचं पॅनल उघडून धूळ पुसली, सगळे स्क्रू आवळले, तापमान वाचणारं एक जुनं मॉड्यूल काढून नवीन बसवलं. दोनदा बघितलं. दुपारी एक वाजता वीज आली. सगळीकडे हिरवे दिवे लागले आणि थंड टाकीचा अडॅप्टर लाल लुकलुकत राहिला.

फाटकाबाहेर दुधाचे टँकर उभे होते. काका म्हणाले, हा डबा बोलत नाही तोवर दूध आत घेऊ नका. मोठे साहेब म्हणाले, "बाहेर उन्हात तापण्यापेक्षा टाकीत बरं. दहा मिनिटांत होईल सुरू." घेतलं दूध आत. त्यांच्या या वाक्याची आठवण नंतर कुणालाही राहिली नाही. मोठ्या साहेबांच्या वाक्यांचं हे एक बरं असतं.

दहा मिनिटांचे तीन तास झाले. मी कंट्रोल रूममध्ये संगणकासमोर. पडद्यावर एकच ओळ: एकवीस सापडत नाही. काका पॅनलपाशी. केबल तपासली. टोकाचा रेझिस्टर तपासला. वीजपुरवठा तपासला. सगळ्यांचा डोळा त्या नव्या मॉड्यूलवर, कारण बदललं होतं तेवढंच. काकांनी ते काढून बसवलं, परत काढून बसवलं, आणि मग तिसऱ्यांदा काढलं. तिसऱ्यांदा काही तपासताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. चकत्यांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, कारण त्यांना त्या दिवशी कुणी हातच लावला नव्हता. टाकीभोवती थंड पाणी सोडणारी झडप हातानं उघडायला स्विच नव्हता. टाकीवरच्या तापमापकाचा काटा सरकत होता आणि कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं.

चार वाजून गेल्यावर मी बॅटरी घेऊन खाली आलो. आता काय उरलं म्हणून झाकण वर केलं. दहाची चकती दोनवर. एककाची चकती दोनवर.

फिकट पिवळा रंग. खांद्यात दाबलेला फोन. सगळी दुपार जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहिली.

"नंबर चुकलाय," मी म्हणालो. "एकवीसच्या जागी बावीस आहे."

मोठे साहेब मागे उभे होते. "आज या पॅनलला कुणी हात लावला?"

"मी," काका म्हणाले.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी पेचकस घेतला, चकती एकवर आणली, वीज घालवून परत दिली. दिवा हिरवा झाला. कुणीतरी माझी पाठ थोपटली. टाकीतलं सगळं दूध संध्याकाळी मागच्या नाल्यात सोडलं. पांढरा फेस नाल्याच्या काठापर्यंत आला होता. काका तिथं एकटेच उभे होते, हात मागे बांधून, शेवटचा थेंब जाईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वर्कशॉपचं दार लावून माझ्यासमोर बसले. हलणाऱ्या पायाच्या स्टुलावर.

"हे बघ," ते म्हणाले. "फडक्यानं चकती फिरत नाही. मी करून बघितलं. पेचकसच लागतो. आणि मी तिथं पेचकस लावल्याचं मला आठवत नाही. म्हणजे ती आधीच कुणीतरी फिरवलेली असणार. डबा चालू होता म्हणून इतके दिवस कळलं नसणार. काल वीज गेली, आली, आणि त्यानं नवीन नाव वाचलं. बरोबर?"

शब्दन् शब्द बरोबर होता. "हो, असं होऊ शकतं," मी म्हणालो.

"सगळ्यांना विचारलं मी. तू राहिलास. तू तर नव्हतंस ना उघडलं ते दार? चुकून?"

त्या विचारण्यात संशय नव्हता. 'माझा छोटा पेचकस तू तर नाही ना नेलास' असं विचारावं, तसं ते विचारत होते. मला कायम केल्याचं पत्र त्याच आठवड्यात यायचं होतं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी पत्रही आठवलं नाही. फक्त लाज वाटली. कालच्या कालच बोललो असतो तर गोष्ट वेगळी होती, आज बोललो तर काल का गप्प बसलास हेही आलंच, असं काहीतरी मनात आलं.

"नाही, काका," मी म्हणालो.

"मग झालं," ते म्हणाले. थोडा वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. "मग माझ्याच हातून झालं. आणि मला आठवत नाही."

त्यांनी परत विचारलं नाही. उभ्या आयुष्यात त्यांनी दोनदा तपासली नाही अशी एकच गोष्ट मला माहीत आहे. माझं उत्तर.

त्यांना कुणी कामावरून काढलं नाही. मोठे साहेब तर उदार मनानं म्हणाले की वय झालं की असं व्हायचंच. काका स्वतःच त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, मला पॅनलवर ठेवू नका. त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. हातमोजे, बल्ब, फ्यूज काढून द्यायचे. बल्ब देताना ते दोनदा बघत, मग तिसऱ्यांदा, मग घेणारा निघाला की त्याला परत बोलावून चौथ्यांदा. लोकांनी थोडे दिवस त्यांचं नाव 'पाचदा' ठेवलं. नंतर त्यात गंमत राहिली नाही, आणि ते नावही कुणी घेईना. चार वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोपाचं भाषण मी केलं. तोवर मी विभागप्रमुख झालो होतो. ज्या कामासाठी सगळे माझं नाव घ्यायचे, ते होतं एकवीस नंबरचा बिघाड शोधून काढणं.

त्यांच्या घरी मी जात राहिलो. दोन-तीन महिन्यांतून एकदा, कधी बिस्किटांचा पुडा घेऊन, कधी हात हलवत. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, बाल्कनीत कपड्यांची दोरी, भिंतीवर घड्याळ. काकू गमतीनं सांगायच्या, "यांना बाहेर न्यायचं म्हणजे तासभर आधी निघावं लागतं. गॅस बघितला, नळ बघितला, कुलूप बघितलं. खाली उतरलो की परत वर. मी म्हणते, तुम्ही वरच थांबा, मी जाऊन येते." एकदा स्वयंपाकघरातलं बटण जळालं. काकांनी बाहेरचा इलेक्ट्रिशियन बोलावला. ज्या माणसानं आख्खी डेअरी वायरिंग करून उभी केली, तो बॅटरी धरून एका परक्या माणसाच्या मागे उभा राहिला. "साधं बटण हो," काकू म्हणाल्या आणि हसल्या, आणि मग उठून आत गेल्या.

अशा दर भेटीनंतर मी जिना उतरताना मनाशी ठरवायचो की पुढच्या वेळी सांगायचं. आणि पुढच्या वेळी काहीतरी दुसरंच सांगायचो. एकदा म्हणालो, काका, विजेचा झटका बसला तर असे डबे बिघडतात. ते म्हणाले, झटक्यानं चकती फिरत नाही. एकदा म्हणालो, तो सगळा मालच सदोष होता असं ऐकलं. ते म्हणाले, मग पुढं दहा वर्षं कसा चालला? एकदा तर पंपाच्या हादऱ्यांवर ढकललं. त्यावर ते नुसते हसले. माझ्याकडे खरं सोडून सगळं होतं, आणि ते मी त्यांना हप्त्याहप्त्यानं देत होतो.

गेल्या महिन्यात जुनी पॅनलं भंगारात निघाली. ढिगातून मी एकवीस नंबरचा अडॅप्टर उचलला. टेप पिवळी पडली होती, अक्षर तसंच. मोठे साहेब कधीचेच गेले होते. मला जाब विचारणारं डेअरीत कुणीच उरलं नव्हतं. तेव्हा कुठं मला धीर झाला. अकरा वर्षांनंतरचं माझं हे शौर्य!

रविवारी दुपारी मी तो डबा त्यांच्या जेवणाच्या टेबलावर ठेवला. काकांनी चष्मा लावला, डबा हातात घेतला, खालची खाच अंगठ्यानं चाचपली. चेहरा एकदम उजळला. "मॉनिटर! टेप अजून आहे रे." मग बोट चकत्यांपाशी गेलं आणि थांबलं. त्यांनी डबा परत टेबलावर ठेवला.

"काका, ती चकती मी फिरवली होती," मी म्हणालो.

मी सगळं सांगितलं. शेजारचं दार, पंचवीस नंबर, बहिणीचा फोन, फिकट पिवळा, पाच, चार, तीन. चहा घेऊन आलेल्या काकू दारातच थांबल्या होत्या.

माझं सांगून झालं. काकांनी चष्मा काढला आणि माझ्या हातावर थोपटलं.

"आधी विजेचा झटका. मग सदोष माल. मग हादरे," ते म्हणाले. "आता हे. किती वर्षं जीव जाळणार आहेस माझ्यासाठी?"

"काका, हे खरं आहे. देवाशप्पथ खरं आहे. ते बाकीचं सगळं खोटं होतं."

"मी तुला विचारलं होतं ना? दार लावून विचारलं होतं. तू नाही म्हणालास."

"खोटं बोललो मी तेव्हा."

"तू?" ते हसले. लहान मुलाच्या थापेला हसावं तसं. "तू आगाऊ होतास. पुस्तिका न वाचता वाचली म्हणायचास. पण माझ्या तोंडावर, मी असं विचारल्यावर, तू खोटं बोलशील? एवढं माणूस ओळखता येतं मला."

"काका, ऐका तरी..."

"पुरे," ते म्हणाले. पहिल्यांदाच आवाज चढला होता, आणि लगेच खाली आला. "हातांचा भरवसा गेला माझा. आठवणीचा गेला. माणसं ओळखता येतात, एवढं तरी राहू दे माझ्याकडे."

खरं पटवायचं तर त्यांच्याकडे उरलेली शेवटची खात्री मला काढून घ्यावी लागणार होती. आणि ती खात्री म्हणजे मीच होतो.

काकूंनी चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला. माझा कप त्यांच्या हातातच राहिला होता. त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांचा विश्वास बसला होता. मी निघालो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या आणि हळूच, आत ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "अकरा वर्षं?"

मी मान हलवली. दर वेळी त्या म्हणायच्या, परत ये रे. या वेळी म्हणाल्या नाहीत.

"अगं, दार मी लावतो," आतून काकांचा आवाज आला.

मी जिना उतरायला लागलो. वर कडी लागली. मग ती ओढून बघितल्याचा आवाज आला. एकदा. दोनदा. मी पायरीवर थांबलो. थोडा वेळ काही ऐकू आलं नाही आणि मला उगाच वाटलं की आता ते आत जातील.

तिसऱ्यांदा कडी वाजली. मग चौथ्यांदा. काकू आतून म्हणाल्या, "लागलीय हो, या आता," आणि कडी परत वाजली.